कारची बॅटरी घरी बदलायची? बदला, पण आधी मीटर लावा

अमळनेरकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. पेट्रोलची छोटी गाडी, चार वर्षं झाली, बॅटरी कंपनीतून आलेलीच आहे. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटकटकटक वाजतं, शेजारच्या ट्रॅक्टरवरून केबल लावली की लगेच उठते, दिवसभर काही त्रास नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणतो नवीन टाका. तर बॅटरी आणून घरीच बसवता येईल का, कोणती आणायची, कोणती वायर आधी सोडायची आणि गाडीच्या कॉम्प्युटरला काही होईल का.

घरी बसवता येते भाऊ. दोन पाने आणि अर्धा-पाऊण तास. मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो, जळगाव-भुसावळ भागातल्या गाड्या कायम हाताखालून जातात, आणि बसवण्यात लोकांचं फारसं काही चुकत नाही. चुकतं ते त्याच्या आधी. बॅटरी गेलेली नसतानाच बदलतात, किंवा बॅटरी गेलेलीच असते पण ती कशाने गेली ते कुणी बघत नाही आणि नवी पण वर्ष-दीड वर्षात बसते. म्हणून मी आधी तपासण्याचं सांगतो, पाने त्यानंतर काढा.

एक डिजिटल मल्टिमीटर घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मिळतो तो चालतो. डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवायचा, लाल सुई प्लसवर, काळी मायनसवर. मोजायचं सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी. गाडी नुकतीच चालवून आलात आणि लगेच मोजलं तर आकडा फुगलेला येतो, त्यावर विश्वास ठेवू नका. १२.६ च्या आसपास आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेला की रिकामीच समजा. आत सहा सेल असतात, एकेकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून भरलेल्या बॅटरीचे १२.६ होतात. चार्जिंग करून, रात्रभर ठेवूनसुद्धा साडेदहाच्या जवळ अडकून राहिली तर एक सेल गेलाय, तिच्यावर पुढे एक रुपया पण घालू नका.

पण नुसता उभ्या गाडीचा आकडा पुरत नाही. १२.५ दाखवणारी बॅटरी पण सेल्फला मान टाकू शकते. म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली जाणारच, पण साडेनऊच्या वर राहिलं पाहिजे. आठ, सात असं कोसळलं आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर ती गेली. आणि उलट, सेल्फ मारताना मीटर बारावरच बसून आहे आणि गाडी मात्र फिरत नाही, तर बॅटरीचा दोष नाही, तिथे सेल्फ मोटर, तिचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच), नाहीतर मधली वायर-अर्थिंग बघायची. आवाजावरून पण बरंच कळतं. टकटकटक असा झपाट्याने वाजला तर करंट कमी पडतोय, म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकदाच ठक् वाजून गप्प झालं तर सेल्फकडे संशय. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवे मात्र झगझगीत, तर चावीचा स्विच, फ्यूज, रिले, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्किंगला आहे का, हे आधी.

आणि हे सगळं करायच्या आधी टर्मिनलला हात लावून बघा हो. हाताने फिरतंय का? त्याच्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमलीय का? आपल्याकडे निम्मे लोक ज्याला बॅटरी बसली म्हणतात तो नुसता त्या भुकटीचा प्रकार असतो. भुकटी करंट जाऊ देत नाही, सेल्फला एका झटक्यात शंभर-दोनशे अँपिअर लागतात, ते तिथेच अडकतात. साफ करून आवळलं की गाडी चकाचक उठते, आणि माणूस चार-पाच हजार वाचवतो.

मग गाडी सुरू करून मोजायचं. इंजिन चालू, मीटर बॅटरीवरच, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला पाहिजे. हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावल्यावर पण साडेतेराच्या खाली फार जायला नको. इंजिन चालू असून बारा-साडेबाराच येतंय, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, चार्ज करत नाही, त्याचा पट्टा ढिला किंवा आतला रेग्युलेटर-डायोड गेला, आणि नवी बॅटरी टाकली तरी ती दोन दिवसात अशीच उतरेल. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीला उकळून काढतो. एवढंच आहे की काही नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा वरखाली दिसेल, थोडी गाडी फिरवून, हेडलाइट लावून परत मोजा आणि मग ठरवा.

तुमच्या बाबतीत दिवसभर चालवूनही सकाळी उतरलेली असते म्हणताय, तर तीन शक्यता आहेत. बॅटरी चार्ज धरत नाही, अल्टरनेटर देत नाही, किंवा रात्री गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय. चार वर्षं झाल्यात म्हणजे पहिलीच शक्यता जास्त, पण बाकीच्या दोन मीटरने दहा मिनिटात बाद करता येतात तर करून टाका.

आता खान्देशचं म्हणून जे सांगायचंय ते. बॅटरीला थंडीने त्रास होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिला खरं मारतं ते ऊन. मे महिन्यात जळगाव, भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि बोनेटच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. बॅटरीवर जे अँपिअर-अवर लिहिलेले असतात ते साधारण २५ अंशाला मोजलेले असतात. आत केमिकल रिॲक्शन चाललेली असते, आणि ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की ती जवळपास दुप्पट वेगाने चालते. म्हणजे प्लेटांच्या आतली शिशाची जाळी दुप्पट वेगाने सडते, पाणी लवकर उडतं, उभी गाडी पण लवकर उतरते. पण उन्हाळ्यात ते कळत नाही, कारण गरम इंजिन सहज फिरतं, ऑइल पातळ असतं, कमजोर बॅटरी पण निभावून नेते. मग डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आत आला, ऑइल घट्ट झालं, बॅटरीचा जोर पण थंडीने कमी झाला, की सकाळी सकाळी फोन सुरू होतात, गाडी उठत नही भाऊ. सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत मोठी गर्दी असते आमच्याकडे. लोक म्हणतात थंडीने गेली. ती मेमध्येच अर्धी गेलेली असते.

म्हणून इकडे चार वर्षं चाललेली बॅटरी म्हणजे तिने चांगलं काम केलं असं मी मानतो. थंड गावातल्या पाहुण्याची सहा वर्षं चालली म्हणून आपली पण चालेल असं धरू नका. त्यात गावातल्या गावात दोन किलोमीटर, एसी फुल्ल, थांबली, परत दोन किलोमीटर, असं वापरणं असेल तर सेल्फमध्ये गेलेला चार्ज भरून येतच नाही. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याहून, सुरतहून गावी आलेल्या गाड्या आठ-दहा दिवस पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर थेट उन्हात उभ्या असतात, त्या पण परतीच्या दिवशी दगा देतात. लिंबाच्या सावलीत लावा, दोन-तीन दिवसाआड अर्धा तास फिरवून आणा. जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून फार काही भरत नाही.

तपासून बॅटरीच गेली हे नक्की झालं, तर आता कोणती आणायची. जुन्या बॅटरीच्या लेबलवर नंबर असतो, तोच घेऊन दुकानात जा, लेबलचा फोटो काढा. छोट्या पेट्रोल गाड्यांत बऱ्याचदा ३८बी२०एल किंवा ३८बी२०आर असतो. यातला ३८ हा तिच्या ताकदीचा अंक आहे, अँपिअर-अवर नव्हेत, ही बॅटरी आपल्याकडे ३५ अँपिअर-अवरची येते. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी साधारण वीस सेंटिमीटर, आणि शेवटचा एल किंवा आर म्हणजे प्लस कोणत्या बाजूला. हे शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. एलच्या जागी आर आणली तर प्लस-मायनस उलट्या बाजूला येतात, वायर पोचत नाही, आणि मग लोक बॅटरी फिरवून बसवतात, वायर ताणून लावतात, प्लस बोनेटच्या पत्र्याजवळ येतो. नका करू. नंबरमध्ये शेवटी एस असेल तर जाड खांबाचं टर्मिनल, नसेल तर बी गटात बारीक, ते पण जुळलं पाहिजे, नाहीतर जाड लग (वायरच्या टोकाची पकड) बारीक खांबावर कधीच घट्ट बसत नाही. काही गाड्यांत डीआयएन४४, डीआयएन५५ अशा येतात, त्या बुटक्या असतात, टर्मिनल वरून आत बसलेले, आणि खालच्या कडेला क्लॅम्प (बॅटरी जागेवर दाबून धरणारी पट्टी) लागतो. त्यांच्या जागी दुसऱ्या जातीची बसत नाही.

मोठी टाकू का, असं खूप जण विचारतात. ट्रेमध्ये नीट बसत असेल, क्लॅम्प लागत असेल, टर्मिनल बोनेटपासून दूर राहत असतील तर एक पायरी मोठी चालते, पण गरज नसते. लहान मात्र अजिबात नको. डिझेल बोलेरोला पेट्रोलच्या छोट्या गाडीची बॅटरी लावून चालवणारे बघितलेत मी, डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, सेल्फला जोर जास्त लागतो, ती बिचारी काही महिन्यात बसते. आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला लावायचा विचार पण नको. गाडीची बॅटरी म्हणजे शर्यतीचा घोडा आणि इन्व्हर्टरची म्हणजे नांगराचा बैल, एकीला क्षणभर प्रचंड जोर द्यायचाय, दुसरीला तासन् तास हळूहळू, दोघींच्या प्लेटाच वेगळ्या असतात.

ट्रॅफिक सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबला की चालू होणारी गाडी असेल, तिला साधी बॅटरी लावू नका. तिच्यात ईएफबी नाहीतर एजीएम जातीची येते, ती महाग असते, पण साधी टाकली तर वारंवारच्या स्टार्टने लवकर मरते. ज्यांच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असतो त्यांचा तो सेन्सर ओढाताणीत तुटला की खर्च बॅटरीएवढा. आणि हायब्रिड, इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये पण एक १२ व्होल्टची बॅटरी असते, पण तिथे नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की हात मागे घ्या आणि कंपनीच्या वर्कशॉपला जा. ते काम घरी करायचं नाही. काही महागड्या परदेशी गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, त्या पण सोडा. तुमची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे तर यातलं काही नाही.

दुकानात दोन गोष्टी बघून घ्या. एक, बॅटरी कधी बनली ती तारीख, केसवर कोरलेली किंवा छापलेली असते, कळली नाही तर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नको, कारण ती दुकानात उभी राहून पण उतरत असते आणि आपल्या उन्हात गोडाऊनमध्ये तर जास्तच. दोन, मीटर सोबत न्या आणि तिथेच मोजा, साडेबाराच्या वर असेल तरच उचला. वॉरंटी २४ अधिक २४ अशी सांगतात तेव्हा नीट विचारा, त्यातले पहिले महिने मोफत बदलून देण्याचे असतात आणि नंतरच्या महिन्यांत फक्त नव्या बॅटरीच्या किमतीत काही टक्के सूट मिळते. सगळे ४८ महिने फुकट बदलून देतात असं समजून लोक भांडायला जातात. जुनी बॅटरी परत दिली की किंमत कमी होते, तेव्हा भाव जुनीसह आणि जुनीशिवाय असे दोन्ही विचारा.

आता बसवणं. सकाळी सकाळी नाहीतर संध्याकाळी करा, मे महिन्यात दुपारी बोनेटचा पत्रा हाताला चटका देतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, इंजिन थंड, सगळे दिवे बंद. चावी खिशात ठेवा, गाडीत नको, आणि ड्रायव्हरची काच खाली करून ठेवा, बॅटरी निघाली की सेंट्रल लॉक कधी कधी लागून जातं आणि मग माणूस बाहेर, चावी आत. हातातली अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन सगळं काढून ठेवा, हे मी कितीही वेळा सांगेन. प्लस आणि पत्रा यांच्यामध्ये अंगठी आली तर ती क्षणात लाल होते आणि बोट जातं. बिडी-सिगारेट लांब, बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो. रबरी हातमोजे, चष्मा असेल तर लावा, आणि एक बादली पाणी जवळ, अॅसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं धुवून थेट डॉक्टरकडे.

आधी मोबाईलवर फोटो काढा, वायर कशी गेलीय, क्लॅम्प कसा, कव्हर कसं. मग मायनस आधी सोडा. बहुतेक छोट्या गाड्यांत दहाचा पाना लागतो. मायनसच आधी का, तर गाडीचा सगळा पत्रा, इंजिन, सगळं मायनसला जोडलेलं असतं. तुम्ही प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते, पाना चिकटतो, ठिणग्या उडतात, बॅटरी फुटू पण शकते. मायनस सुटलेला असेल तर पाना कुठेही टेकला तरी सर्किटच पुरं होत नाही. म्हणून काढताना मायनस पहिला, लावताना मायनस शेवटी. सुटलेला लग जुन्या कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, तो स्प्रिंगसारखा उडून परत टर्मिनलवर बसतो.

मग प्लसची लाल टोपी उचलून प्लस सोडा. बऱ्याच गाड्यांत प्लसवरच छोटा फ्यूज बॉक्स चिकटलेला असतो, तो ठिसूळ असतो, हिसका मारू नका. लग निघत नसेल तर बोल्ट पूर्ण ढिला करा, लगच्या फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून जरासा फाकवा, डावीकडे-उजवीकडे हलवत वर काढा. हातोडीने ठोकून काढायचं नाही आणि बसवायचं पण नाही, खांब आत प्लेटांना वेल्ड केलेला असतो, तो सांधा आतून तुटतो आणि वरून काहीच दिसत नाही. नवी बॅटरी बसवल्या दिवसापासून अधूनमधून बंद पडते अशा ज्या तक्रारी येतात त्यात ही ठोकाठोकी बऱ्याचदा सापडते.

क्लॅम्पचा बोल्ट काढताना हाताखाली कापड धरा, नट एकदा इंजिनच्या खाली पडला की शोधत बसाल. बॅटरी सरळ वर उचला, तिरकी करू नका. ३५ अँपिअर-अवरची नऊ-दहा किलो भरते, मोठ्या डिझेलच्या त्याच्या दीड-दोन पट, कमरेला त्रास असेल तर दुसऱ्या माणसाला बोलवा. ट्रेमध्ये भुकटी, गंज असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फसफस होते म्हणजे अॅसिड मरतंय, फसफस थांबली की साध्या पाण्याने धुवून पुसून कोरडं करा. लगच्या आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांच्या आत मात्र जाऊ देऊ नका.

आणि बॅटरीभोवती काळं जॅकेट किंवा प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते परत घालायचंच. इकडे मेकॅनिक लोक ते काढून फेकून देतात, घाईत आड येतं म्हणून. अरे ते कंपनीने इंजिनच्या उष्णतेपासून वाचवायलाच दिलेलं असतं, आपल्या भागात त्याची सगळ्यात जास्त गरज! ते नसेल तर स्पेअर पार्टच्या दुकानात चौकशी करा, आपल्या गाडीचं मिळालं तर घ्या.

नवी ठेवताना प्लस जुन्याच जागी येतोय ना, फोटोशी पडताळून बघा. प्लस-मायनस उलट लागले तर मेन फ्यूज उडतो, अल्टरनेटरचे डायोड जातात, कधी कॉम्प्युटर पण. क्लॅम्प आधी आवळा, बॅटरी हाताने हलवून बघा, हलली नाही पाहिजे. आपल्या रस्त्यांवर ढिल्या बॅटरीच्या आतल्या प्लेटा धक्क्याने झडतात, उन्हानंतर दुसरा नंबर याचाच. मग टर्मिनलच्या प्लास्टिक टोप्या काढा, प्लस पहिला लावा, लग खांबावर पूर्ण खालपर्यंत दाबून बसवा, आवळा, लाल टोपी लावा. मग मायनस. टेकवताना एक बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका, मोठी उडाली तर थांबा, काहीतरी चालू राहिलंय. हाताने फिरणार नाही इतकं घट्ट, त्यापुढे जोर नको, शिसं मऊ असतं. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ थर. आधी नाही, नंतर, म्हणजे धातूला धातू नीट भिडतो.

कॉम्प्युटरचं विचारलंत. त्याला काही होत नाही. घड्याळ शून्यावर जाईल, रेडिओची स्टेशनं जातील, काही स्टिरिओ कोड मागतात म्हणून तो आधीच गाडीच्या पुस्तकातून शोधून ठेवा. आयडलिंग थोडा वेळ वरखाली होईल, एसी न लावता पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि मग नेहमीसारखी चालवा, कॉम्प्युटर परत शिकून घेतो. एका टचने वर जाणारी काच जात नसेल तर पूर्ण खाली घ्या, मग बटण वर ओढून काच बंद झाल्यावर पण काही सेकंद धरून ठेवा. स्टिअरिंग किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि थोडं चालवा, साधारण जातो. नाही गेला तर दाखवा. आणि शेवटी परत मीटर, इंजिन चालू ठेवून, १४ च्या आसपास आला म्हणजे काम झालं.

ट्रॅक्टरवरून केबल लावता म्हणालात म्हणून तेवढं सांगतो. आताचे ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, चालतं. ट्रकवरून मात्र नको, ट्रकला २४ व्होल्ट असतात, एक चूक झाली की गाडीचं सगळं इलेक्ट्रॉनिक जातं. केबल लावताना लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळी चांगल्याच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी गॅसपासून दूर उडते. काढताना बरोबर उलट क्रम. रोज रोज असं उठवत राहिलात तर अल्टरनेटरवर ताण येतो, रिकामी बॅटरी भरायला तो बनवलेलाच नाही. रिकामी झालेली असेल तर चार्जरवर हळू भरायची, ३५ ची असेल तर साडेतीन अँपिअरच्या आसपास, रात्रभर, मोकळ्या हवेत.

नवी पण दोन-तीन दिवसात उतरली तर रात्री पिणारं काहीतरी आहे. बाहेरून बसवलेला जीपीएस, डॅशकॅम, अलार्म, मोठा अॅम्प्लिफायर, नाहीतर डिकीचा बल्ब जो झाकण लावल्यावर पण विझत नाही. मायनस सोडून त्याच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर लावा, १० अँपिअरच्या भोकात लाल सुई घालून. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, तिला झोपायला वेळ लागतो. २० ते ५० मिलिअँपिअर असेल तर ठीक. त्याच्या बऱ्याच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला तिथे चोर. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दरवाजे उघडझाप पण नको, मीटरचा फ्यूज उडतो.

नवी बॅटरी पाण्याची असेल, म्हणजे वर झाकणं असतील, तर आपल्याकडे मार्च ते जून महिन्यातून एकदा पातळी बघा. फक्त डिस्टिल वॉटर, तेही खुणेपर्यंतच. अॅसिड घालायचं नाही, उडतं ते पाणी, अॅसिड आतच असतं. आरओचं, विहिरीचं, बोअरचं पाणी नको, क्षार प्लेटांना मारतात. सील असलेल्या बॅटरीला काही करायचं नसतं.

जुनी बॅटरी दुकानातच द्या. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांनी ती कचऱ्यात टाकायची नाही, नोंदणी असलेल्या रिसायकलरपर्यंतच गेली पाहिजे, आणि पैसे पण तिथे नीट मिळतात. भंगारवाल्याकडे गेली तर काही ठिकाणी ती फोडून अॅसिड नाल्यात ओततात, शिसं उघड्यावर वितळवतात, आणि ते शिसं तिथे खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात जातं, लहान मुलांच्या मेंदूला त्याने कायमचं नुकसान होतं. मला हे बघवत नाही म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. केळीच्या, मक्याच्या शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन असतं त्याला जुनी लावतात बरेच जण, सेल गेलेली नसेल तर थोडे दिवस चालते, पण रोज पूर्ण रिकामी होऊन ती लवकर मरते, आणि मशीनसाठी सोलरवाली वेगळी बॅटरी मिळते तीच बरी पडते. मशीन पण तयार, कंपनीचंच वापरा, घरातली लाइट तारेला थेट जोडायची नाही, कुणाचा तरी जीव जातो.

तर तुमच्यासाठी, उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी मीटर लावा, मग टर्मिनल साफ करून आवळा, एक रात्र चार्जरवर भरा, दुसरी रात्र चार्जर काढून तशीच ठेवा, आणि त्याच्या पुढच्या सकाळी परत मोजा. रात्रभरात १२.६ वरून बाराच्या आसपास आली आणि मायनसमध्ये लावलेल्या मीटरवर करंट ५० मिलिअँपिअरच्या आत दिसला, तर नवी आणा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि बॅटरीचा सीरियल नंबर तिथेच लिहून घ्या आणि कार्ड-बिल दोन्हीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, थर्मल कागदाचं बिल आपल्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डमध्ये काही महिन्यात कोरं होतं.